सातवीचा निबंध

मराठी गद्याचा विचार करणारे आपले टीकाकार कथा, कादंबरी, लघुनिबंध, प्रवासवर्णन, आत्मचरित्र या सर्वांविषयी पुष्कळ लिहितात. परंतु मराठीत दरवर्षी जे गद्य सर्वांत अधिक प्रमाणात लिहिले जाते, त्याच्याविषयी कोणा टीकाकाराने लेखणी उचलल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हे गद्य म्हणजे शाळेतला निबंध. सहावी, सातवी, आठवी या इयत्तांतली मुले तो वर्षातून पाचसात वेळा तरी लिहितात. त्याचा वाचक एकच, मराठीचा शिक्षक. आणि तोही तो वाचतोच असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांभोवती गोल काढावयाचे, खाली 'अक्षर सुधारा' किंवा 'छान' असा शेरा मारावयाचा आणि पुढची वही ओढावयाची, एवढ्यावर या वाङ्मयाची समीक्षा संपते.

संपादकांनी या अंकासाठी समीक्षात्मक लेख मागितला तेव्हा एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर मी लिहावे असे त्यांच्या मनात असावे. पण मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. ऐन दिवाळीत भाऊबंदांशी वैर कशाला घ्या? शिवाय मॅट्रिकच्या पुढे ज्याची मजल गेली नाही अशा माणसाने सौंदर्यशास्त्राच्या गोष्टी बोलाव्यात हेही फारसे शोभत नाही. सातवीच्या निबंधाच्या बाबतीत मात्र माझा अधिकार कोणी नाकारणार नाही. वीस वर्षे त्या वह्यांचे गठ्ठे मी शाळेतून घरी आणि घरून शाळेत वाहतो आहे.

तेव्हा एक वही उघडू. विषय : 'पावसाळ्यातील एक दिवस'. पहिल्याच ओळीत उन्हाने धरणी भाजून निघालेली असते आणि सर्वजण चातकासारखी पावसाची वाट पाहत असतात. मग आकाशात काळ्या ढगांची गर्दी होते, विजा चमकतात, मृद्गंध दरवळतो, मोर पिसारा फुलवतो, बळीराजा सुखावतो आणि लहान मुले कागदाच्या होड्या सोडतात. शेवटी सृष्टीने हिरवा शालू नेसलेला असतो. चाळीस वह्यांपैकी तीस वह्यांत हाच पाऊस पडतो. ज्याने उभ्या जन्मात चातक पाहिलेला नाही आणि पाहिला तरी जो त्याला ओळखणार नाही, त्याच्याही वहीत चातक असतो. ज्याच्या घराच्या कौलांतून पाणी गळते आणि जो रात्रभर अंथरूण इकडून तिकडे ओढत असतो, त्याच्याही वहीत मृद्गंध दरवळतो. ज्याच्या बापाचे सोयाबीन शेतात उभ्याउभ्या कुजले, तोही इमानेइतबारे लिहितो की बळीराजा सुखावला. हे वाक्य तो खोटे बोलावे म्हणून लिहीत नाही. निबंधात हे वाक्य असावे लागते, घरात देवघर असावे लागते तसे, म्हणून तो ते लिहितो.

दुसरा प्रकार मनोगताचा. फाटके पुस्तक बोलते, पडका किल्ला बोलतो, जुनी छत्री बोलते, रस्ता बोलतो. सगळ्यांची सुरुवात एकच : 'अहो, दचकलात ना? इकडे तिकडे काय पाहता?' छत्री आणि किल्ला यांच्या आयुष्यात काही फरक असावा अशी अपेक्षा ठेवाल तर फसाल. दोघांचाही जन्म थाटात झालेला असतो, दोघांनीही वैभवाचे दिवस पाहिलेले असतात, दोघांचीही आज उपेक्षा होत असते आणि दोघेही जाता जाता मानवजातीला उपदेश करतात. कल्पनाप्रधान निबंधात सूर्य उगवत नाही किंवा परीक्षा बंद होतात. प्रथम आनंदीआनंद होतो, मग हाहाकार उडतो, आणि आईच्या हाकेने जाग येऊन ते स्वप्न ठरते.

हा मजकूर मुले कोठून आणतात हे सांगावयास नको. गाईडे आहेत, निबंधांची पुस्तके आहेत, आता मोबाइलवरही तयार निबंध मिळतात. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे हा सोपा मार्ग झाला. गाईड खपते, कारण तसल्या निबंधाला दहापैकी आठ गुण मिळतात. गळक्या कौलांविषयी लिहिणाऱ्या मुलाला पाच मिळतात, कारण त्याच्या निबंधात 'भाषासौंदर्य' नसते, आणि शिवाय 'गळत होतं' यातला अनुस्वार प्रमाण की 'गळत होते' असे लिहावे याचा त्याला पत्ता नसतो. मूल हुशार असते. कोणता माल चालतो हे बाजारात बसणाऱ्या बाईला जसे दोन दिवसांत कळते, तसे ते त्याला सहावीच्या पहिल्या चाचणीत कळते.

गंमत अशी की 'निबंध' हा शब्द ज्यांच्यामुळे मराठीत मोठा झाला, तेही शाळामास्तरच होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिकवीत होते. सात वर्षे ती चालली. तीतील सगळीच मते आज पटण्यासारखी आहेत असे नव्हे. लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर त्यांनी धरलेले शस्त्र आज वाचताना अनेक ठिकाणी खटकते. पण 'माले'तल्या प्रत्येक पानावर एक माणूस भांडत असतो. त्याला काही सांगावयाचे असते, ते कोणाला सांगावयाचे हे त्याला पक्के ठाऊक असते आणि समोरचा काय उत्तर देईल याची त्याला धास्तीही असते. म्हणून वाक्य ताठ उभे राहते. आपल्या शाळांनी शास्त्रीबुवांचा शब्द घेतला आणि भांडण तेवढे वगळले. सांगण्यासारखे काही नाही, सांगावयाचे कोणाला हे माहीत नाही आणि उत्तर तर कोणी देणारच नाही, अशा अवस्थेत तीस ओळी लिहावयाच्या. मी कादंबरीकार आहे म्हणून सांगतो, या अटींवर मलाही एक बरे वाक्य लिहिता येणार नाही.

लिहिण्याची ही कथा. वाचनाची याहून निराळी नाही. किंबहुना पहिलीचे मूळ दुसरीतच आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या वाचनाची पाहणी होते आणि 'असर' या नावाने तिचे अहवाल निघतात. पाहणीची रीत अगदी साधी. घरी जाऊन मुलाच्या हाती अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असलेला कागद द्यावयाचा आणि 'वाच बाळ' म्हणावयाचे. २०१८ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे चार मुलांतल्या एकाला ती आठवीतही वाचता येत नव्हती. पाचवीत हे प्रमाण निम्म्यावर होते. त्यानंतर करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ च्या पाहणीत पाचवीचा आकडा आणखी खाली उतरलेला दिसला.

या आकड्यांवर भाषणे पुष्कळ झाली. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सहावीतल्या मराठीच्या शिक्षकाची अशी समजूत असते की वाचावयास शिकविणे हे प्राथमिकवाल्यांचे काम. ते झालेले आहे असे गृहीत धरून तो थेट 'रसग्रहणा'कडे वळतो. ज्या मुलाला अजून ओळ धरून पुढे जाता येत नाही त्याला तो कवितेतली शब्दकळा समजावून सांगतो. ते मूल मान हलवते. मान हलविण्याची कला आपल्या शाळांत फार लवकर येते.

आणि ज्यांना ओळ वाचता येते, त्यांचे तरी काय? माझ्या वर्गात मी एकदा फळ्यावर असा उतारा लिहिला : 'एका टपूर झिबळ्याने घुरटावर तीन वेंगट्या टमकल्या. ते पाहून लोंबट किरसली.' खाली चार प्रश्न दिले. वेंगट्या कोणी टमकल्या? कोठे टमकल्या? किती टमकल्या? लोंबट का किरसली? एकही मूल अडखळले नाही. 'टपूर झिबळ्याने घुरटावर तीन वेंगट्या टमकल्या हे पाहून लोंबट किरसली', असे पूर्ण वाक्यात, वळणदार अक्षरात उत्तर आले. नियमाप्रमाणे चारांपैकी चार गुण. आता या उताऱ्यातले एकही नाम किंवा मुख्य क्रियापद मराठीत नाही. तो मी आदल्या रात्री जेवताना जुळवला होता. पण विभक्तिप्रत्यय मराठी आहेत, क्रियापदाचे रूप मराठी आहे, आणि तेवढ्या आधारावर 'एका वाक्यात उत्तरे लिहा' हा सारा कारभार चालतो. मग मी पाचवा प्रश्न विचारला : 'लोंबट किरसली ते योग्य झाले काय?' वर्ग प्रथम गप्प झाला आणि मग जो हसत सुटला तो तास संपेपर्यंत. अर्थ नसलेल्या मजकुराला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ज्या प्रश्नाने झिबळ्याचे पितळ उघडे पडते तोच वाचनाचा प्रश्न. बाकीची प्रत्ययांची कसरत.

आमच्या पाठ्यपुस्तकांविषयी बोलावयाचे तर त्यांत चांगले धडे पूर्वीही होते, आजही आहेत. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने क्रमिक पुस्तक हे मुलाला आवडावे म्हणूनही असते हे मराठी शाळांना दाखवून दिले. १९६७ मध्ये पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि 'बालभारती' हे नाव घरोघर गेले. याच मंडळाने १९७१ पासून 'किशोर' मासिक काढले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावे असे काय आहे, असे पालक मला विचारतात तेव्हा मी हे पहिले नाव सांगतो. परीक्षेच्या बाजूने पाहिले तर दहावीला आता कृतिपत्रिका आली, पाठांतरावर भागू नये असा तिचा हेतू. हेतू उत्तम. पण कृतिपत्रिकांचीही तयार उत्तरे असलेली पुस्तके पहिल्याच वर्षी दुकानात आली.

पुस्तकापेक्षा त्याचे जे केले जाते त्याचा मला राग येतो. प्रकट वाचनाचा तास पाहा. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुले. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. एक उभा राहून वाचतो तेव्हा एकोणचाळीस जण आपली पाळी कोणत्या ओळीवर येईल याचा हिशेब करीत असतात. त्यापेक्षा जोड्या लावून एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे, पान संपताच पुस्तक मिटून ऐकणाऱ्याने सांगावे आणि वाचणाऱ्याने त्याची चूक काढावी. वर्गात थोडी कलकल होते. मुख्याध्यापक दारातून डोकावून जातात. परंतु तेवढ्याच पस्तीस मिनिटांत प्रत्येक मूल पंधरा-सोळा मिनिटे वाचते.

आणि वाचन म्हणजे केवळ मराठीचे पुस्तक नव्हे. सहावीपासून मुलाची खरी फजिती होते ती भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या पानावर. 'बाष्पीभवनामुळे हवेतील आर्द्रतेचे प्रमाण वाढून सांद्रीभवनास अनुकूल स्थिती निर्माण होते', अशा धाटणीचे वाक्य घ्या. यात कोण काय करते? पाणी तापते, त्याची वाफ होते, ती हवेत जाते, हवा गार झाली की तिचे पुन्हा पाणी होते. चार क्रिया होत्या. त्या चारींची नामे झाली आणि क्रियापद राहिले ते 'निर्माण होते', ज्यात काहीच होत नाही. हे वाक्य उलगडावयास शिकविणे हे भूगोलाच्या शिक्षकाचे काम की मराठीच्या? दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात आणि मूल ते वाक्य पाठ करून टाकते. मी माझ्या वर्गात आठवड्यातून एक तास भूगोलाचे पान घेऊन बसतो. प्रत्येक नामाला 'तू मूळचा कोण?' असे विचारावयाचे आणि त्याचे क्रियापद बाहेर काढावयाचे. मुलांना हा खेळ मनापासून आवडतो. असल्या वाक्यांत लपलेली क्रियापदे शोधताना एका मुलीने शेवटी विचारले, 'सर, हे लोक सरळ का नाही लिहीत?' या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि विद्यापीठातही कोणापाशी असेल असे वाटत नाही.

आता बोलीविषयी. माझ्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत, बंजारा तांड्यावरून येणारी आहेत, दोन घरांतून अहिराणी येते. ती 'पानी' लिहितात, मी नियमाप्रमाणे 'पाणी' करतो. शुद्धलेखन नको असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्या मुलाच्या बापाने शहर पाहिले नाही त्याला प्रमाणभाषा शाळेत नाही मिळाली तर कोठे मिळणार? अर्ज लिहिताना ती त्याला लागेल, आणि ती त्याला न देणे हा निराळ्या प्रकारचा अन्याय होईल. परंतु नियमांना किती चढवून ठेवावे यालाही मर्यादा आहे. शतकानुशतके ज्या मोडीत मराठी माणसाने हिशेब ठेवले, पत्रे लिहिली, राज्य चालविले, त्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. म्हणून वसुली काही थांबली नाही. आज चालणारे शुद्धलेखनाचे नियम महामंडळाने केले आणि १९६२ मध्ये सरकारने मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली आणि ते अठरा झाले. नियम माणसांनी केलेले आहेत, सोयीसाठी केलेले आहेत.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि सारा महाराष्ट्र त्या खानदेशी बोलीपुढे लवला. त्या गाण्यांना शाळेच्या पुस्तकातही मानाचे पान मिळाले. खानदेशातले मूल ती तालासुरात म्हणते, शिक्षक डोळे मिटून ऐकतात. मग तेच मूल वही उघडून आपल्या आजीच्या त्याच बोलीत एक वाक्य लिहिते आणि त्याच शिक्षकांच्या तांबड्या शाईचे सहा गोल त्यावर उमटतात. मुलाने यातून काय समजावे? बोली सुंदर असते, पण ती कवितेत आणि दुसऱ्याची असेल तर! माझ्यापुरता मी असा तोडगा काढला आहे की कच्चा खर्डा ज्याला ज्या बोलीत यावा त्या बोलीत लिहू द्यावा. त्यावर तांबडी शाई चालवावयाची नाही. शुद्धलेखन शेवटी, पक्क्या प्रतीत. घरात पाहुणे येण्याच्या वेळी आपण झाडतो; भिंत बांधताना झाडीत बसत नाही.

या विषयावर जे वाचले त्यातली तीन उदाहरणे मला फार उपयोगी पडली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत होते. तेथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. रोज! मुलांनी वाचावे असे वाटत असेल तर ती मुले डोळ्यांपुढे ठेवून कोणी तरी लिहावयास हवे, इतका साधा हा विचार. आपल्याकडच्या काही समीक्षकांना गुरुजींच्या गद्यातला ओलावा अति वाटतो, मलाही क्वचित वाटतो. परंतु ज्या लेखकाचा वाचक रोज सकाळी समोर जेवावयास बसतो त्याचे वाक्य सहसा अवघड होत नाही, हे 'श्यामची आई' उघडून कोणीही ताडून पाहावे.

गुजरातेतल्या गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्ना'तला शिक्षक दुसरी युक्ती करतो. चौथीच्या मुलांनी प्रत्येकी तेच क्रमिक पुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून निरनिराळी गोष्टींची पुस्तके आणून वर्गाचेच ग्रंथालय करावे, म्हणजे चाळीस घरांत एक पुस्तक चाळीस वेळा पडून राहण्याऐवजी चाळीस पुस्तके चाळीस हातांत फिरतील. पुस्तक कल्पित आहे. हिशेब मात्र कोणत्याही वाण्याला पटेल असा आहे.

तिसरे उदाहरण दूरचे, पण ते मी दरवर्षी एकदा काढून वाचतो. इटलीत १९६२ च्या कायद्याने अकरा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठी एकच सक्तीची शाळा केली. आपल्या सहावी ते आठवीचे हेच वय. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगरात बार्बियाना नावाची वाडी आहे. तेथे लोरेंझो मिलानी या पाद्र्याने सरकारी शाळेने नापास केलेली शेतकऱ्यांची पोरे गोळा केली आणि त्यांना शिकविले. त्यांतल्या आठ मुलांनी मिळून त्यांना नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिले. ते १९६७ मध्ये पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच मिलानी वारले. पुस्तकात राग आहे, आकडेवारी आहे, आणि बाईंवर काही ठिकाणी अन्यायही आहे. शंभर वह्या तपासून घरी स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईची बाजू त्या मुलांना दिसलेली नाही. पण मला त्यातला खजिना वाटतो तो हे पत्र त्यांनी कसे लिहिले ते सांगणारा भाग. प्रत्येकाने खिशात वही ठेवावयाची आणि सुचेल ते टिपावयाचे, एका कागदावर एकच गोष्ट, तीही एकाच बाजूला. मग एके दिवशी सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरावयाचे. सारखे असतील ते काढून टाकावयाचे, एकमेकांशी नाते असेल ते एकत्र ठेवावयाचे, त्या ढिगांची प्रकरणे पाडावयाची, क्रम ठरवावयाचा. मग लिहावयास बसावयाचे आणि त्यानंतर कात्री घ्यावयाची : जास्तीचे विशेषण, अवघड शब्द, लांबलेले वाक्य, एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी आणि खोटेपणा, हे सगळे कापावयाचे. शेवटी, जास्त न शिकलेल्या बाहेरच्या माणसाला वाचून दाखवावयाचे आणि त्याला कळले नाही ते बदलावयाचे. आणि वेळेची मर्यादा घालावयाची नाही.

आमच्याकडे परीक्षेत निबंधाला वीस मिनिटे मिळतात. बार्बियानाची शाळा सकाळपासून अंधार पडेपर्यंत, रविवारीसुद्धा चालत असे आणि मुले मोजकी होती. तेव्हा ती जशीच्या तशी उचलून कोणी येथे आणू म्हणेल तर तो हास्यास्पद ठरेल. पण कागद पसरणे आणि कात्री चालविणे एवढे दोन आठवड्यांच्या तासांत बसते. मी ते बसवून पाहिले आहे. जास्तीची विशेषणे शोधून काढताना तेरा वर्षांची मुले जी निर्दयता दाखवितात ती आपल्या काही कादंबरीकारांना उसनी मिळाली तर कागदाचा खर्च निम्म्यावर येईल.

घरी हा अंक वाचीत असलेल्या आईबापांना येथे एक शंका येईल : आमचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, त्याचा या निबंधाशी काय संबंध? संबंध आहे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजना'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. २०२० मध्ये राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आनंदाच्या गोष्टी आहेत. पण आपल्या घरातल्या सातवीतल्या मुलाने या अंकातली एक गोष्ट स्वतः होऊन वाचावयास घेतली काय, एवढे या चार दिवसांत पाहावे. घेतली नसेल तर त्याला रागावू नये. पहिले पान आपण मोठ्याने वाचावे, ऐन रंगात आल्यावर चहा ठेवावयास उठून जावे, आणि परत येण्याची घाई करू नये.

गेल्या वर्षी सहामाहीनंतर मी निबंधाला सुट्टी दिली आणि वर्गाचे दोन भाग केले. एका भागाने करंज्यांचा आकाशकंदील कसा करावा हे लिहावयाचे आणि दुसऱ्या भागाने ते वाचून, तोंडी एक अक्षरही न विचारता, जसे लिहिले आहे तसे करावयाचे. पहिला खर्डा असा होता : 'प्रथम कामट्या बांधाव्यात. नंतर कागद चिकटवावा. मग सुंदर कंदील तयार होतो.' करणाऱ्यांनी तीन कामट्या एकत्र बांधून त्यांची मोळी केली आणि तिच्यावर कागद गुंडाळला. लिहिणाऱ्यांचा जीव तीळतीळ तुटत होता, पण बोलावयाची बंदी. 'किती कामट्या ते लिहा', 'किती लांब ते लिहा', 'सुंदर हे कशाला लिहिलेत, त्याने काय करावयाचे?' असे शेरे करणाऱ्यांनीच खर्ड्याच्या समासात लिहिले. दुसऱ्या खर्ड्यात कामट्यांची संख्या आली आणि 'सुंदर' गेले. तिसऱ्यात खळ कशी शिजवावी हे आले, कारण पातळ खळीने पतंगाचा कागद फाटला होता. ते एका मुलीने आपल्या आजीला विचारून, आजीच्याच शब्दांत लिहून आणले आणि 'घट्ट म्हणजे किती' यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. करंजी दुमडण्याची रीत लिहिताना सगळेच हात टेकून बसले. हाताला जे येत होते ते वाक्यात येईना. पाच वेळा लिहिले, पाच वेळा कागद चुकीचा दुमडला गेला. सहाव्या वेळी एका एरवी न बोलणाऱ्या मुलाने 'पुस्तक मिटतो तसा कागद मिटावा' असे लिहिले आणि दुसऱ्या बाजूने बरोबर घडी पडली. त्याला निबंधात कधी चारांच्या वर गुण पडलेले नाहीत. उपमा अलंकार कशाला म्हणतात हे विचारले असते तर त्याला सांगता आले नसते.

पक्की प्रत दोन पानांची झाली. शुद्धलेखन मी शेवटी तपासले. चुका होत्या, त्या त्यांनीच कोशात पाहून सुधारल्या. मग ती पाने पाचवीच्या वर्गाला दिली. पाचवीच्या मुलांनी ती एकट्याने वाचून शनिवारी कंदील करून आणला. कंदील उभा राहिला, करंज्या जागच्या जागी बसल्या. झिरमिळ्या मात्र एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला तीन होत्या, कारण त्या किती लावाव्यात हे दोन पानांत कोठे लिहिलेले नव्हते. सातवीच्या मुलांनी तो पाहिला, पाने परत मागून घेतली आणि मधल्या सुट्टीत डबा न खाता खाली एक ओळ वाढविली.